थोरल्यांच्या पोटात दोघं

१

गेले तीन आठवडे मास्तर सकाळी दहाच्या ठोक्याला सिनेमाच्या गोदामात हजर होत होते. दारातल्या रखवालदाराकडे बघून मान हलवायची, पायपुसण्यावर बूट घासायचे, मुकुट, तलवारी आणि काचेच्या पेट्यांतली मुंडकी ओलांडत शेवटच्या खिडकीपर्यंत जायचं आणि तिथे उभ्या असलेल्या थोरल्यांना विचारायचं, "काय, झोप झाली का?" थोरले उत्तर देत नसत. फोम, रबर, चामडं आणि घोड्याचे केस यांनी बनलेल्या माणसाकडून आणखी कसली अपेक्षा ठेवायची?

थोरले नऊ फूट उंच होते. अर्धे अस्वल, अर्धे झाड. तीस वर्षांपूर्वीच्या त्या अद्भुत सिनेमात ते जंगलाचे राखणदार होते आणि त्यांना एक लांबलचक नाव होतं. ते नाव उच्चारताना दिग्दर्शकाचीही बोबडी वळायची, म्हणून सगळे त्यांना थोरले म्हणू लागले. "थोरले उठले का?" "थोरल्यांच्या पाठीला ऊन लागतंय, सावली करा." सासऱ्याची ठेवत नाहीत इतकी बडदास्त त्यांची ठेवली जायची.

आता थोरल्यांचा फोम आतून भुगा होऊन गळत होता. गोदामाच्या मालकांनी ठरवलं होतं, की येत्या शनिवारी त्यांच्या पोटात पातळ राळ ओतायची. ती दगडासारखी घट्ट होईल आणि थोरले कायमचे उभे राहतील. फक्त त्यानंतर त्यांच्या आत कुणाला जाता येणार नव्हतं. त्याआधी, हा बाहुला चालवायचा कसा याची सगळी माहिती नोंदवून ठेवायची, यासाठी मास्तरांना बोलावलं होतं. प्रश्न विचारणारी, कॅमेरा लावणारी एक तरुण मुलगी होती. मास्तर तिला नोंदवाली म्हणत. तिलाही ते आवडलं होतं.

"आत किती माणसं असायची?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"दोघं. मी पुढे. माझे दोन्ही हात वर, डोक्यात. एक जबड्याला, एक मानेला. उजवा हात काठीला बांधलेला, त्याचं काही काम नाही. डावा हात चालवणारं माणूस माझ्या मागे, पाठीला पाठ लावून."

"आणि श्वास? सिनेमात छाती हलताना दिसते."

"त्याला यंत्र नव्हतं. दोघांनी एकदम श्वास घेतला की पाठी एकमेकींना रेटायच्या आणि छातीचं चामडं फुगायचं. एकट्याने कितीही फुगून दाखवलं तरी बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही."

ती हसली आणि तिने लिहून घेतलं. "मागचं माणूस कोण होतं?"

"आमची ही," मास्तर म्हणाले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्या तोंडी ती अजून 'होती' झालेली नव्हती.

२

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी मास्तर डाव्या बाहीची शिवण तपासत होते. त्यांनी बाहीच्या आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटांना पावडर लागली होती.

बाहुल्याच्या रबरी पंजात हात घालण्याआधी पावडर लावावीच लागते, नाहीतर घामाने कातडी सोलून निघते. त्यात नवल काही नव्हतं. पण तीस वर्षांपूर्वीची पावडर पिवळी पडते, तिचे खडे होतात. ही पांढरीशुभ्र होती आणि बोटांवरून सरकत होती. बाहीच्या तोंडाशी फुंकर मारून जास्तीची उडवलेली दिसत होती. जमिनीवर तिचा अर्धगोल पडला होता. मास्तरांची बायको अशीच फुंकर मारायची आणि मास्तर रोज तक्रार करायचे, की माझ्या बुटांवर पडते.

त्यांनी नोंदवालीला विचारलं. "फोटोसाठी काही लावलंस का गं आत?"

"मी? मास्तर, मला तर हातमोजे घातल्याशिवाय हात लावायलाही बंदी आहे."

मास्तरांचं डोकं हिशेबी होतं. जन्मभर दोऱ्या आणि खिळे सांभाळलेला माणूस भुताखेतांच्या नादी लागत नाही. छताचा चुना गळला असेल. फोमचा भुगाही पांढराच असतो. राळ ओतणारे कामगार मापं घ्यायला येऊन गेले असतील आणि त्यातल्या कुणीतरी हौसेने हात घालून बघितला असेल. कारणं पोतंभर होती. मास्तरांनी बूट झटकले आणि कामाला लागले.

घरी गेल्यावर त्यांनी बोटं नाकाशी नेली. चुन्याला वास नसतो. या बोटांना होता, आणि तो त्यांना ओळखीचा होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी जाते का, हे सांगायला कुणी परत आलेलं नाही. त्या दिवशी मास्तरांनी जेवायच्या आधी हात धुतले नाहीत.

३

खरं सांगायचं तर संसारात या दोघांचं फारसं पटत नसे. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून ते दोन दिवस अबोला धरू शकत. पण थोरल्यांच्या पोटातले ते अकरा आठवडे म्हणजे मास्तरांच्या आयुष्यातलं एकमेव सुख होतं, असं म्हटलं तरी चालेल. आत अंधार, उकाडा, गोंदाचा वास. पाठीला तिची पाठ. ती हसली की ते हसू त्यांना कानाने नाही, खांद्यांच्या पात्यांना कळायचं. बाहेर दिग्दर्शक ओरडत असायचा आणि आत हे दोघं एका श्वासाने थोरल्यांना जिवंत ठेवायचे. इतकं जवळ त्यांना घरात कधी राहता आलं नाही.

आत बोलायची सोय नव्हती, कारण आवाज माइकमध्ये जायचा. म्हणून खूण ठरवली होती. तिचा डावा हात मोकळा असायचा. तो मागे नेऊन ती त्यांचं कोपर दाबायची. एकदा दाबलं तर तयार आहे. दोनदा दाबलं तर मला बाहेर काढा. पाठीवरच्या झडपेची चार बकलं बाहेरून लावलेली असायची. मास्तरांनी हाक दिली की बाहेरचा माणूस ती सोडायचा. हाक फक्त मास्तरांनी द्यायची, कारण तिचं तोंड चामड्यात दाबलेलं असायचं.

शेवटच्या दिवशी थोरले आपल्याला वाढवणाऱ्या म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवतात, तो प्रसंग होता. डावा हात वर धरून नऊ मिनिटं. पाचव्या मिनिटाला कोपर दोनदा दाबलं गेलं. मास्तरांना ते कळलं, अगदी स्वच्छ कळलं. पण टेक असा जमून आला होता, की बाहेर कुणी श्वासही घेत नव्हतं. मास्तरांनी तिच्या हातावर आपलं कोपर एकदा दाबलं. थोडंच राहिलंय, एवढाच त्याचा अर्थ. थोरल्यांचा हात थरथरू लागला. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. मास्तरांनी मान खाली घातली, थोरल्यांची, आणि म्हातारीच्या कपाळाला टेकवली.

सगळा गाव तो थरथरता हात बघून रडला. मास्तरांच्या पाठीवर थापा पडल्या. थोरल्यांच्या हाताचं वजन पेलणारा तिच्या काखेतला पट्टा चार मिनिटं नसेत रुतला होता. ती बाहेर आली तेव्हा तिचा उजवा हात लोंबत होता आणि तो पुन्हा कधी तिचा झाला नाही. सगळी कामं ती एका हाताने करायला शिकली, फक्त एक सोडून. लेक तेव्हा सात वर्षांची होती आणि तिचे केस कमरेपर्यंत होते. एका हाताने वेणी येत नाही, म्हणून त्यांनी ते कापून टाकले. वेणी घालणं मास्तरांना कधी जमलं नाही. त्यांनी दोनचारदा प्रयत्न केला, पण लेकीच्या डोक्यावर पक्ष्याने घरटं केल्यासारखं दिसायचं.

त्या चार मिनिटांबद्दल ती सत्तावीस वर्षांत एका शब्दाने बोलली नाही. तिने बोलावं म्हणून मास्तर वाट बघत राहिले, आणि मग विचारायला माणूसच उरलं नाही.

४

गुरुवारी डोकं कसं हलायचं ते कॅमेऱ्यावर दाखवायचं होतं. नोंदवालीने बकलं सोडली, मास्तर आत शिरले, आणि तिने मागून झडप लावली.

"एकटेच आहात, तर नुसतं डोकं हलवा," ती बाहेरून म्हणाली.

थोरल्यांच्या गळ्यात जाळीची एक फट होती. तेवढ्यातूनच बाहेरचं दिसायचं. मास्तरांनी दोन्ही हात वर घातले. वय झालं होतं, खांदे कुरकुरले, पण बोटांना वाट आठवत होती. जबडा उघडला, मान वळली. गोंदाचा वास अजून होता. त्यांनी डोळे मिटले आणि एक खोल श्वास घेतला.

पाठीला पाठ लागली.

आधी त्यांना वाटलं, फोम सैल होऊन घसरला. फोम थंड असतो. हे ऊबदार होतं, आणि श्वास सोडला तसं तेही मागे सरलं. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा ते आलं. थोडं उशिरा नाही, थोडं आधी नाही. मागे वळून बघायला जागा नव्हती. पूर्वीही नव्हती. अकरा आठवड्यांत त्यांनी तिला आत एकदाही पाहिलं नव्हतं.

मग कोपर एकदा दाबलं गेलं.

घाबरायला हवं होतं, हे मास्तरांना नंतर कळलं. त्या क्षणी त्यांना फक्त रडू आलं. तीन वर्षं ज्या बाजूला हात टाकला तिथे रिकामी गादी लागत होती, आणि इथे या भुगा होत चाललेल्या सोंगाच्या पोटात कुणीतरी त्यांच्या श्वासाला श्वास देत होतं. सत्तावीस वर्षं जे बोलायचं ठरवत होते ते ओठांवर आलं आणि सुखाने गिळून टाकलं. उद्या बोलू, असं त्यांना वाटलं.

बाहेर आल्यावर नोंदवालीने चित्रण पुन्हा लावून बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "मास्तर, छाती कशी हलवलीत? एकट्याने होत नाही म्हणाला होतात."

"गुडघ्याने," मास्तर म्हणाले. थाप मारताना त्यांची नजर थोरल्यांच्या डाव्या हाताकडे गेली. तो खाली लोंबत होता. आत शिरताना तो पोटावर घडी केलेला होता, त्यांनीच केला होता.

घरी जाताना एक विचार डोक्यात शिरला आणि पायच थांबले. बायको शेवटी दवाखान्यात गेली होती, साध्या आजाराने, लेकीचा हात हातात घेऊन. मग ती इथे कधी आली? आणि हळूहळू, नको असताना, दुसरा प्रश्न आला. ती इथून कधी गेली तरी होती का? त्या दिवशी थोरल्यांच्या पोटातून जी बाई बाहेर आली ती गप्प होती, हात लोंबत होता, आणि ती पुन्हा कधी फुंकर मारून हसली नाही. तिच्यातलं काय आत राहिलं होतं? दोनदा दाबून, दोनदा दाबून, तीस वर्षं कोण हाकेची वाट बघत उभं होतं?

मास्तरांनी स्वतःला वेड्यात काढलं. पण शनिवारला एकच दिवस राहिला होता.

५

शुक्रवारी लेक आली. वडिलांनी आपल्याकडे राहायला यावं म्हणून ती वर्षभर मागे लागली होती आणि हे काम संपल्यावर बघू, असं मास्तरांनी कबूल केलं होतं. आज संपणार होतं. चाळिशीला टेकलेली ती बाई थोरल्यांसमोर उभी राहिली आणि एकदम सात वर्षांची दिसली.

"हेच का ते? मला वाटायचं याहून मोठे असतील."

"तू लहान होतीस म्हणून," मास्तर म्हणाले. "थांब, शेवटचं एकदा चालवून दाखवतो."

नोंदवालीने बकलं लावली. अंधार झाला. मास्तरांनी हात वर घातले आणि श्वास घेतला, आणि त्यांना वाट बघावी लागली नाही. पाठ आली. कोपर दाबलं गेलं, एकदा.

जाळीतून लेक दिसत होती. तिने केस पुन्हा वाढवले होते, खांद्याच्या खाली, मोकळे. थोरल्यांची मान खाली झुकली. ती मास्तरांनी झुकवली. मग डावा हात वर आला.

मास्तरांचे दोन्ही हात डोक्यात होते. ते त्यांनी मोजून बघितले, एक जबड्याला, एक मानेला.

जाड रबरी बोटं लेकीच्या मानेमागे गेली. त्यांनी केसांची बट उचलली, तिचे तीन भाग केले आणि एकावर एक घालू लागली. एकाच हाताने, हळूहळू, थरथरत. लेक आधी हसली. मग हसणं थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला वेणी कुठे येते?"

लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मान किंचित मागे टेकवून उभी होती, वेणी घालून घेणाऱ्या मुली उभ्या राहतात तशी. नोंदवालीने कॅमेरा खाली ठेवला होता. खोलीत कुणी श्वासही घेत नव्हतं. आणखी तीन पेड, आणखी दोन. मास्तरांना वाटलं, हे असंच चालू द्यावं, मरेपर्यंत.

कोपर दोनदा दाबलं गेलं.

मास्तर थिजले. पाठ अजून पाठीला होती, ऊबदार. शेवटचं अर्धं मिनिट. वेणी पुरी होऊ दे. आधी तीन वर्षांचं पोरकेपण, आणि उद्यापासून तर कायमचंच. एक अर्धं मिनिट मागितलं तर काय बिघडलं? त्यांचं कोपर मागे सरकू लागलं, त्या जुन्या उत्तरासाठी. कोपराला तर दुसरं उत्तर माहीतच नव्हतं.

पुन्हा दोनदा. या वेळी जोर कमी होता.

"उघड," मास्तर ओरडले. आवाज फाटला. "नोंदवाले, बकलं सोड. आधी बकलं सोड." मग त्यांनी तोंड छातीशी नेलं आणि जे इतकी वर्षं सुचत नव्हतं ते एका दमात म्हटलं, "चुकलं गं माझं. कळलं होतं मला. जा तू."

चार बकलं एकामागोमाग सुटली. पाठीवर गार वारा आला.

६

मास्तर जागचे हलले नव्हते. हात अजून वरच होते. त्यांनी मान वळवून पाहिलं तर उघड्या झडपेच्या उजेडात नोंदवाली दिसली. तिने एका हाताने चामडं वर धरलं होतं आणि ती एक पाऊल बाजूला सरून उभी होती, दारात समोरून कुणी आलं की आपण सरतो तशी. क्षणभराने ती पुन्हा पुढे आली आणि आत वाकली. "या ना मास्तर," ती म्हणाली. आपण बाजूला का सरलो होतो याचा तिला पत्ताही नव्हता.

ते बाहेर आले. थोरल्यांचा डावा हात खाली लोंबत होता, नुसतं रबर. लेक मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती खोलीच्या टोकाशी असलेल्या दाराकडे बघत होती. ते दार आपोआप बंद होणारं होतं आणि आत्ता, सावकाश, बंद होत होतं.

"कुणी आलं होतं का?" तिने विचारलं.

मास्तर धावले. या वयात, मुकुट आणि तलवारी आणि मुंडक्यांमधून, एका पायाने लंगडत. बाहेर लख्ख ऊन होतं. रखवालदार खुर्चीवरून उठून उभा होता. तो मालक आला तरी उठत नसे.

"कुणीकडे गेल्या?" मास्तरांनी विचारलं.

रखवालदाराने उजवीकडे हात केला. मग आपल्याच हाताकडे बघितलं आणि गोंधळून तो खाली घेतला. "कोण?" तो म्हणाला. "आत्ता तर कुणीच गेलं नाही हो."

उजवीकडे रस्ता सरळ होता, रिकामा, दोन्ही बाजूंना बंद शटर. घर डावीकडे होतं. मास्तर बराच वेळ उजवीकडे बघत राहिले. तिने त्यांच्यासाठी कोपऱ्यावर थांबायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं, पण तिने का थांबावं? तिचं वाट बघून झालं होतं.

लेक मागून आली. अर्धी वेणी तिने मुठीत घट्ट धरून ठेवली होती, सुटू नये म्हणून. दुसऱ्या हाताने तिने वडिलांचं कोपर धरलं आणि ती दोघं डावीकडे चालू लागली.